चार मीटर कमी पडले : दारूचे परवाने आणि जळगावचं ‘गाव’

जळगावात ‘गावात’ म्हणजे टॉवर चौक, सुभाष चौक, दाणा बाजार, सराफ बाजार, नवी पेठ, बळीराम पेठ. महाबळला नाहीतर पिंप्राळ्याला राहणारा माणूससुद्धा बाजाराला निघाला की ‘गावात जाऊन येतो’ असंच म्हणतो. माझा भाचा आठ वर्षं पुण्यात नोकरी करून परत आला आणि त्यानं घरात जाहीर केलं, "मामा, मी गावात हॉटेल टाकतोय." खाली फॅमिली रेस्टॉरंट, वरती परमिट रूम. जागाही त्यानं हेरून ठेवली होती. जुन्या पेठेतली दुमजली इमारत, खाली कापडाचं बंद पडलेलं गोडाऊन, वर सागवानी कठड्याची गॅलरी. "रात्री साडेनऊनंतर इथं कुत्रं फिरत नाही. इतकी मोक्याची जागा, आणि दिवसातले बारा तास मेलेली," तो म्हणाला. म्हणणं खोटं नव्हतं.

मी सिटी सर्व्हेला भूकरमापक होतो. निवृत्त झालो तरी टेप आणि सवय घरातच आहे. म्हणून भाच्यानं मला बोलावलं, ते सल्ल्याला नाही, मोजायला. इमारतीच्या दारापासून कोपऱ्यावरच्या मारुतीच्या देवळापर्यंत आम्ही टेप धरली. आकडा आला ७१ मीटर. भाच्याचा चेहरा उतरला. त्याला हवे होते ७५.

हे ७५ मीटर आले कुठून, ते कोण ठरवतं, आणि त्यापायी शहराची बाजारपेठ अशी का दिसते, हे त्याला समजावताना मलाच बरंच नव्यानं उमगलं. म्हणून लिहून काढतोय.

दारूबंदीच्या कायद्याखाली दारूचे परवाने

आपल्या राज्यात दारू विकण्याचा कायदा असा वेगळा नाहीच. आहे तो दारूबंदीचा कायदा : मुंबई दारूबंदी अधिनियम, १९४९. आता त्याला महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम म्हणतात. १९५० साली तेव्हाच्या मुंबई राज्यात पूर्ण दारूबंदी आली. मूळ नियम असा, की दारू बनवणं, बाळगणं, विकणं, पिणं सगळं बंद. ज्याच्याकडे सरकारी परवाना असेल त्याला तेवढी सूट. पुढं सरकारनं सूट वाढवत नेली, पण पाया बदलला नाही. ‘परमिट रूम’ हे नावसुद्धा तिथूनच आलं. परमिट असलेल्या माणसानं बसून प्यायची खोली, ती परमिट रूम. आजही कायद्यानं बघायला गेलं तर पिणाऱ्याच्या खिशात परमिट हवं. एका दिवसाचं पाच रुपयांत मिळतं, आयुष्यभराचं हजार रुपयांत. किती जण काढतात हे कुठल्याही टेबलावर विचारून पाहा, लोक हसतात.

हा कायदा किती लवचीक आहे ते बघायचं असेल तर नवापूरला जा. नंदुरबार जिल्ह्यातल्या या रेल्वे स्टेशनाचा अर्धा भाग महाराष्ट्रात आणि अर्धा गुजरातेत आहे. १ मे १९६० ला दोन राज्यं झाली तेव्हा १९४९ चा हा कायदा दोघांच्याही वाट्याला आला. गुजरातनं तो दारूबंदीसाठी ठेवला, आपण परवान्यांसाठी. एकच कायदा, एकच फलाट. एका टोकाला बाटली बाळगणं गुन्हा आणि दुसऱ्या टोकाला परवान्यावर धंदा. आणि ज्या गुजरातनं सहा दशकं बंदी धरून ठेवली, त्यानंच डिसेंबर २०२३ मध्ये गांधीनगरजवळच्या गिफ्ट सिटीत हॉटेल-क्लबांमध्ये दारू द्यायला मुभा दिली. तिथं परदेशी कंपन्या याव्यात, जागतिक पातळीचं व्यापारी केंद्र उभं राहावं, हा त्यामागचा विचार. म्हणजे शहराची भरभराट आणि दारूचा परवाना यांचं नातं सरकारांना चांगलं ठाऊक असतं. पेठेतल्या माणसाला मात्र ते कुणी सांगत नाही.

परवान्यांचे प्रकार बरेच आहेत. आपल्याला चार पुरतात. सीएल-३ म्हणजे देशी दारूचं दुकान. एफएल-२ म्हणजे वाइन शॉप. तिथं वाइन सर्वांत कमी विकली जाते हा भाग वेगळा. एफएल/बीआर-२ म्हणजे बिअर शॉपी. आणि एफएल-३ म्हणजे भाच्याला हवी असलेली परमिट रूम, जिथं बसून पिता येतं आणि सोबत जेवणही मिळतं.

यातली गोम अशी, की देशी दारूची दुकानं आणि वाइन शॉप यांचे नवे परवाने राज्यात सत्तरच्या दशकापासून जवळपास बंदच आहेत. जे आहेत तेच फिरतात. एक विकतो, दुसरा घेतो. एका गल्लीतून दुसऱ्या गल्लीत जातात, याला खात्याच्या भाषेत ‘स्थलांतर’ म्हणतात. आता विचार करा, शहर कितीतरी पटींनी वाढलं आणि परवाने तितकेच राहिले. मग त्या कागदाला सोन्याची किंमत येणारच. असा परवाना कुणी सोडून देत नाही. म्हणून वाइन शॉप बंद पडल्याचं तुम्ही सहसा ऐकणार नाही. ते हलल्याचं ऐकाल, आणि हलतं ते नेहमी जास्त वर्दळीच्या जागेकडे. जून २०२५ पासून तर परवाना एकाच्या नावावर ठेवून करारानं दुसऱ्याला चालवायला देण्याचीही रीतसर सोय सरकारनं केली आहे. त्यासाठी वर्षाच्या फीवर वाइन शॉपला पंधरा टक्के आणि परमिट रूमला दहा टक्के जादा भरायचे. जे आधी तोंडी चालायचं ते कागदावर आलं, एवढंच.

परमिट रूमचं तसं नाही. एफएल-३ नवा मिळतो. फक्त अटी पाळाव्या लागतात. आणि अटींमधली सर्वांत हट्टी अट म्हणजे अंतर.

टेप कुठून कुठवर धरायची

परमिट रूमच्या नियमांत असं आहे, की शाळा-कॉलेज, धार्मिक स्थळ, एसटीचं स्टँड किंवा डेपो यांपासून ७५ मीटरच्या आत परवाना द्यायचा नाही. वाचायला सोपं आहे. मोजायला गेलं की एकेक पदर उलगडतो.

‘शैक्षणिक संस्था’ म्हणजे काय? सरकारनं किंवा स्थानिक संस्थेनं चालवलेली किंवा मान्यता दिलेली बालवाडी ते माध्यमिक शाळा, आणि विद्यापीठाशी संलग्न कॉलेज. खासगी क्लास यात येत नाही, तसं नियमात स्पष्टच म्हटलं आहे. म्हणजे पहिल्या मजल्यावर तीनशे पोरं ‘नीट’ परीक्षेची तयारी करत असली तरी खाली परमिट रूम चालते. शेजारच्या बोळात चाळीस पोरांची मान्यताप्राप्त बालवाडी असली तर चालत नाही.

‘धार्मिक संस्था’ म्हणजे? मंदिर, मठ, मशीद, चर्च, अग्यारी, पण सार्वजनिक विश्वस्त कायद्याखाली नोंदवलेल्या ट्रस्टच्या ताब्यातली. रस्त्याकडेच्या शेंदूर फासलेल्या दगडाला कितीही नारळ फुटत असले तरी नोंदणी नसेल तर कायद्याच्या लेखी तो दगडच.

भाच्याचा डोळा आता इथं गेला. "मामा, आपल्या मारुतीची नोंदणी आहे का?" आम्ही धर्मादाय कार्यालयात गेलो. नोंदणी होती, आणि चांगली जुनी होती. मारुतीराया कागदपत्रांत आमच्यापेक्षा पक्के निघाले.

अजून एक बारकावा. अंतर बघितलं जातं ते परवाना देताना. आधी दुकान असेल आणि नंतर शेजारी शाळा आली, देऊळ बांधलं, तर जुन्या दुकानाला ही अट आपोआप लागत नाही. त्यामुळे जुन्या पेठेत असं दृश्य दिसतं : शाळेच्या भिंतीला लागून पन्नास वर्षांचं देशीचं दुकान बिनघोर चालू आहे, आणि त्याच गल्लीत टेबल-खुर्च्यांचं, संडास-बाथरूम असलेलं, कॅमेरे लावलेलं नवं हॉटेल उघडायला बंदी. माझ्या बहिणीनं, म्हणजे भाच्याच्या आईनं, यावर एका वाक्यात निकाल दिला : "जे घाण आहे ते हालत नाही, आणि जे बरं व्हायचं ते येऊ देत नाहीत." ती स्वतः बाटलीच्या विरोधात आहे, हे मुद्दाम सांगतो.

आता थोडं गणित करू. माझा तो जुना रोग आहे. ७५ मीटर त्रिज्येचं वर्तुळ काढलं तर आत साधारण १७,७०० चौरस मीटर जागा येते, म्हणजे जवळपास साडेचार एकर. एका देवळानं साडेचार एकर झाकले. दाणा बाजारापासून बळीराम पेठेपर्यंत चालत गेलात तर किती देवळं, मशिदी, शाळा लागतात ते मोजा. वर्तुळावर वर्तुळ चढतं. शिवाय बसस्टँडचं वर्तुळ. मी घरी सिटी सर्व्हेच्या नकाशाच्या झेरॉक्सवर कंपासनं ही वर्तुळं काढून पाहिली. जुन्या गावठाणात मोकळा राहिलेला भाग तळहाताएवढासुद्धा नव्हता, आणि जो होता त्यात एक विहीर होती. खरी मोजणी पायवाटेनं, दारापासून फाटकापर्यंत अशी झाली तर वर्तुळं थोडी आक्रसतात. म्हणून तर अशा प्रत्येक प्रकरणात पहिला वाद टेप कुठं धरायची यावर होतो.

जुनं गाव असं अडतं. मग नवा परवाना जातो कुठं? जिथं देवळं आणि शाळा अजून विरळ आहेत तिथं. आणि जळगावात असा लांबलचक मोकळा पट्टा म्हणजे हायवे.

हायवेची गोष्ट, जी जळगावला चांगली आठवते

१५ डिसेंबर २०१६ ला सर्वोच्च न्यायालयानं निकाल दिला, की राष्ट्रीय आणि राज्य महामार्गांपासून ५०० मीटरच्या आत दारूची दुकानं नकोत. असलेल्यांचे परवाने ३१ मार्च २०१७ नंतर चालणार नाहीत. कारण सरळ होतं : रस्त्यावर प्यायची सोय, आणि पिऊन गाडी हाकल्यानं जाणारे जीव. ३१ मार्चलाच न्यायालयानं वीस हजारांपर्यंत वस्तीच्या गावांसाठी हे अंतर २२० मीटर केलं.

५०० मीटर म्हणजे रस्त्याच्या दोन्ही बाजू धरून एक किलोमीटर रुंदीचा पट्टा. बाहेर, शेतांमधून जाणाऱ्या रस्त्याला हे ठीक. पण जळगावसारख्या शहरात जुना राष्ट्रीय महामार्ग ६, आताचा ५३, थेट वस्तीतून जातो. खोटेनगर, शिव कॉलनी, आकाशवाणी चौक, इच्छादेवी, अजिंठा चौफुली, कालिकामाता : ही हायवेवरची ठिकाणं म्हणजे आपल्या रोजच्या चौकांची नावं. त्यात शहरात शिरणारे राज्य मार्ग वेगळे. प्रत्येकाच्या दोन्ही अंगांनी अर्धा-अर्धा किलोमीटर काढून टाकला तर शहरात दारू विकायला कायदेशीर जागा उरते किती? धुळ्याला मुंबई-आग्रा रस्त्यानं हाच प्रश्न उभा केला.

मग पळवाट निघाली, आणि ती मोठी बोलकी आहे. रस्ता ‘राज्य महामार्ग’ आहे म्हणून ५०० मीटरची अट लागते ना? मग त्याचं महामार्गपण काढून घ्या. शहरातला राज्य मार्गाचा तुकडा महापालिकेकडे वर्ग केला की तो साधा शहरी रस्ता होतो. डांबर तेच, खड्डे तेच, नाव बदललं. देशभर अनेक ठिकाणी हे झालं, आणि आपल्या राज्यात ज्या शहरांची नावं त्या वेळी गाजली त्यांत जळगाव होतं. लोकांनी विरोध केला. मद्य दुकानं वाचवायला रस्ते महापालिकेच्या गळ्यात मारले, असं चौकाचौकांत बोललं जात होतं.

त्यातला कळीचा मुद्दा नीट बघा. रस्ता वर्ग झाला की त्याची डागडुजी, दिवे, गटार, सगळं महापालिकेच्या अंगावर येतं. आणि दारूचा पैसा? दारूवरचं उत्पादन शुल्क आणि व्हॅट दोन्ही राज्य सरकारच्या तिजोरीत जातात. पिण्याच्या दारूला जीएसटी लागतच नाही, ती बाहेर ठेवलेली आहे. महापालिकेला मिळते ती इतर कुठल्याही दुकानासारखी घरपट्टी. म्हणजे महसूल मुंबईत आणि खड्डे टॉवर चौकात.

केरळातल्या एका बारवाल्यानं तेव्हा आपल्या अंगणात भिंती घालून भुलभुलय्या केला होता, की दारापर्यंत चालत जायचं अंतर वाढावं. ती बातमी वाचून आम्ही ऑफिसात पोट धरून हसलो. एका सहकाऱ्यानं मात्र गंभीरपणे विचारलं होतं, "अशी मोजणी कुणी मागितली तर फी कशी लावायची?"

पुढं जुलै २०१७ मध्ये चंदीगडच्या प्रकरणात न्यायालयानंच स्पष्ट केलं, की महापालिका-नगरपालिकांच्या हद्दीतल्या परवान्यांना हा आदेश आड येत नाही. फेब्रुवारी २०१८ मध्ये ग्रामपंचायतींचा प्रश्न राज्य सरकारांवर सोपवला. एखादा भाग पुरेसा विकसित आहे की नाही ते त्यांनी ठरवावं. थोडक्यात, रस्त्यांची नावं बदलण्याची धावपळ चार महिन्यांत निरर्थक ठरली. निर्णय कोरडा वाटतो, पण त्याचा अर्थ जळगावपुरता असा : शहराच्या हद्दीतल्या हायवेवर परमिट रूम चालेल, फक्त ते ७५ मीटर पाळा.

आता दोन्ही नियम शेजारी ठेवा. एक नियम म्हणतो, देवळा-शाळांजवळ नको, म्हणून जुनं गाव बंद. दुसरा नियम म्हणत होता, हायवेजवळ नको, पण तो शहरात सैल झाला. राहिलं काय? हायवे. एक नियम माणसाला गावातून बाहेर ढकलतो, आणि ज्या रस्त्यावर त्यानं पिऊन येऊ नये म्हणून न्यायालयानं एवढं केलं, नेमका त्याच रस्त्यावर नेऊन बसवतो. गावात असता तर पायी नाहीतर रिक्षानं घरी गेला असता. हायवेवर तो मोटरसायकलनं जातो. समांतर रस्त्यांसाठी या शहरानं किती वर्षं आंदोलनं केली, त्या हायवेवर किती घरांतले लोक गेले, हे जळगावकराला सांगायला नको.

हे कुणी मुद्दाम केलं असं मी म्हणत नाही. नियम वेगवेगळ्या टेबलांवर लिहिले गेले, आणि ती टेबलं एकमेकांशी बोलत नाहीत.

ठरवतं कोण, आणि विचारतं कोण कुणाला

परवाना देतात जिल्हाधिकारी. तपासणी आणि अहवाल राज्य उत्पादन शुल्क खात्याच्या अधीक्षकांचा, ज्यांना सगळे ‘एक्साइजवाले’ म्हणतात. पोलिसांचा अहवाल लागतो. महापालिकेचा संबंध बांधकाम परवानगी, वापराचा दाखला, पार्किंग, अतिक्रमण एवढ्यापुरता. शहराचा विकास आराखडा महापालिका करते, पण त्या आराखड्यात ‘रात्री जागी राहणारी बाजारपेठ’ असा रंग नसतो. निवासी पिवळा असतो, व्यापारी निळा असतो. २०२० साली राज्यभर आलेल्या एकत्रित विकास नियमावलीत हॉटेलला पार्किंग किती, जिन्याची रुंदी किती, हे सगळं आहे. परवाना कुठं द्यावा याबद्दल ती गप्प, कारण तो तिचा विषयच नाही. वेळासुद्धा वेगळ्याच हिशेबानं ठरतात : पोलिस आयुक्तालय असलेल्या शहरात परमिट रूम रात्री दीडपर्यंत, आपल्यासारख्या ठिकाणी साडेअकरापर्यंत.

आणि लोकांचं काय? लोकांच्या हातात एक हत्यार आहे : आडवी बाटली. २००८ च्या सरकारी आदेशानुसार गावातल्या किंवा वॉर्डातल्या २५ टक्के महिला मतदारांनी (किंवा एकूण मतदारांनी) अर्ज केला, सह्यांची पडताळणी झाली, तर जिल्हाधिकारी गुप्त मतदान घेतात. मतपत्रिकेवर दोन चित्रं. उभी बाटली म्हणजे दुकान राहू दे, आडवी म्हणजे बंद करा. राज्यभर बायकांनी या आडव्या बाटलीवर कितीतरी दुकानं बंद पाडली.

पण अट कडक आहे. झालेल्या मतदानाच्या निम्मी मतं पुरत नाहीत, यादीतल्या मतदारांच्या निम्म्याहून जास्त हवीत. समजा यादीत हजार बाया आहेत. सहाशे आल्या, त्यांतल्या ४९० जणींनी बाटली आडवी केली. आमदार होण्यापुरतं हे घवघवीत यश झालं असतं. इथं हार. ज्या आल्या नाहीत, त्या उभ्या बाटलीच्या बाजूनं धरल्यासारखं होतं. खेड्यात जमतं, कारण सगळ्या एकमेकींना ओळखतात, एकमेकींना घरातून ओढून आणतात. शहरात? जळगाव महापालिकेत २०१८ च्या निवडणुकीला १९ प्रभाग होते. २०११ च्या जनगणनेची ४,६०,२२८ लोकसंख्या त्यांत वाटली तर एका प्रभागात सरासरी चोवीस हजार माणसं. त्रास होतो एका गल्लीला. ‘वॉर्ड’ म्हणजे हा आख्खा प्रभाग धरला तर ज्या गल्लीला त्रास नाही, तिथल्या हजारो बायकांना रांगेत उभं करायचं. कोण करणार?

मार्च २०२५ मध्ये सरकारनं विधिमंडळात जाहीर केलं, की सोसायटीच्या आवारातल्या गाळ्यात नवं बिअर शॉप किंवा दारूचं दुकान काढायचं तर त्या सोसायटीचं ना-हरकत पत्र लागेल. रिंग रोडच्या नव्या इमारतींना हे उपयोगाचं. पेठेतल्या वाड्यांना सोसायटीच नसते, मग पत्र कुणाचं घेणार.

सरकारचा पाय यात कसा अडकलेला आहे, तेही बघून घेऊ. १० जून २०२५ ला मंत्रिमंडळानं भारतात बनणाऱ्या विदेशी मद्यावरचं शुल्क निर्मितीखर्चाच्या तिपटीवरून साडेचारपट केलं. अशा सगळ्या बदलांतून वर्षाला जादा १४ हजार कोटी रुपये अपेक्षित धरले. ज्याला एवढा पैसा हवा, तोच ‘दारूबंदी अधिनियम’ राबवणार. आणि खान्देशात अशा वाढीचा एक जादा परिणाम असतो, कारण आपण कोपऱ्यात आहोत : वर मध्य प्रदेश, बाजूला गुजरात. भाव वाढला की शिरपूर-पळासनेरच्या बाजूनं माल खाली यायला बघतो, आणि नंदुरबार-नवापुराकडून बंदीच्या मुलखात जायला बघतो. पूर्ण बंदी हाही सोपा उपाय नव्हता हे चंद्रपूरनं दाखवलं : २०१५ ला बंदी, २०२१ ला उठवली.

भाच्याच्या वहीतला हिशेब

भाच्यानं हट्टानं बसून मला हॉटेलचं अर्थकारण समजावलं. जेवणात राबणं जास्त, हातात पडतं कमी. भाजी, तेल, गॅस, आचारी, भांडी घासणारा. वरच्या मजल्यावर तेच टेबल तीन तास भरलेलं राहतं आणि आचाऱ्याचा पगार निघतो. "मामा, पेठेतल्या जागेचं भाडं नुसत्या शेवभाजीवर निघत नाही." त्यात महापालिकेच्या संकुलांतल्या गाळ्यांच्या भाडेपट्ट्यांचा वाद वर्षानुवर्षं चिघळलेला, जुन्या बाजारात कुणाला नवीन पैसा घालायची उमेद नाही. मोठी हॉटेलं बाहेर गेली, कपड्यांची शोरूम त्यांच्या मागं गेली, सिनेमावाले गेले. राहिले सराफ, दाणेवाले, आणि वरच्या मजल्यांवर राहणारी म्हातारी माणसं.

त्याचं सगळं मला पटलं नाही. ‘फॅमिली रेस्टॉरंट’ अशी पाटी लावून आत अंधार केलेल्या जागा मी पुष्कळ पाहिल्यात. पेठेत वर बायकापोरं राहतात, रात्री अकराला खाली गाड्यांची घरघर आणि शिव्या कुणाला हव्यात? देवळाजवळ नको म्हणणाऱ्यांची भावना खोटी नाही. माझा आक्षेप एवढाच, की उभ्यानं क्वार्टर मारून गटारात लघवी करायची जागा आणि ताट मांडून बसायची जागा, दोन्ही एकाच नजरेनं मोजायच्या, आणि वर जुन्या देशीच्या दुकानाला हातही लावायचा नाही. महापालिकेनं, एक्साइजनं, पोलिसांनी एका टेबलावर शहराचा एक नकाशा पसरून बघितला आहे, असं मला तरी कधी दिसलं नाही. मी पस्तीस वर्षं नकाशेच सांभाळले. मागायला कुणी आलं असतं तर आठवलं असतं.

आम्ही चार मीटर शोधत आणखी दोन दिवस घालवले. मागच्या बोळातून दार काढलं तर? मोजलं, ८३ आलं. भाचा उड्या मारायला लागला. मग लक्षात आलं, की मागच्या बोळापासून उर्दू शाळेचं फाटक ५२ वर आहे.

शेवटी त्यानं अजिंठा चौफुलीच्या पुढं, हायवेला लागून, नवी जागा घेतली. देऊळ नाही, शाळा नाही, पार्किंग ऐसपैस. फाइल सरळ गेली. पेठेतल्या गोडाऊनला आता मोबाइल कव्हरच्या घाऊक व्यापाऱ्यानं कुलूप लावलंय. तो सातलाच जातो.

उद्घाटनाला आम्ही सगळे गेलो होतो. मी घेत नाही, पण मित्रमंडळी होती. निघताना साडेअकरा वाजले. बाहेर पंधरा-वीस मोटरसायकली, समोरून भुसावळकडचे ट्रक सुसाट. मी भाच्याला विचारलं, "इथून रिक्षा मिळते का रे?"

"दहानंतर नाही मिळत, मामा. थांबा, मी सोडतो."